दसरा चौकातून दिसणारे कोल्हापूर

वाचकहो, एखाद्या संध्याकाळी दसरा चौकात उभे राहून सभोवार नजर टाका. काचेच्या नि सिमेंटच्या उंच इमारती आता चहूकडे डोके वर काढीत आहेत. परंतु जवळच टाऊन हॉल (१८७२-७६) आणि त्याच्या समोर आज ज्यास आपण सी.पी.आर. म्हणतो ते रुग्णालय (१८८१-८४), ही काळ्या दगडाची घडण अद्याप ठाम उभी आहे. थोडे दूर कसबा बावड्याच्या वाटेवर नवा राजवाडा (१८७७-८४). त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. मँट १८८१ मध्ये वारले. पूर्ण झालेला राजवाडा त्यांना पाहावयास मिळाला नाही. इटलीत फ्लॉरेन्स येथे १८७० साली निवर्तलेल्या छत्रपती राजाराम महाराजांची तेथील छत्रीही त्यांचीच. कोल्हापूरचा एक घुमट असा आर्नो नदीकाठी उभा आहे! आणि इमारत, कमान, मिनार, दरवाजा हे शब्द तरी कुठले? अरबी-फारसीतून येऊन ते मराठीत असे मुरले की कोणाला परके वाटत नाहीत.

या वास्तू उठत होत्या तेव्हा गादीवर अल्पवयीन राजा होता व कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चाले. १८८० साली राजाराम कॉलेजही सुरू झाले. परंतु खेड्यातल्या गरीब मुलाने शिकायला यावे, तर राहावे कोठे, जेवावे कोठे?

या प्रश्नाचे उत्तर राजर्षी शाहू महाराजांनी बोर्डिंगे काढून दिले. १९०१ मध्ये मराठा व जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली महाराजांनी मुस्लिम पुढाऱ्यांची सभा बोलाविली, मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले. मुस्लिम बोर्डिंग याच दसरा चौकात आहे. लिंगायत, सारस्वत बोर्डिंगेही याच परिसरात. एका धर्माचा मुलगा पाणी प्यायला बाहेर आला की दुसऱ्या धर्माच्या मुलाशी गाठ पडावी, इतके हे शेजार जवळचे. दूरवरून पाहणाऱ्याच्या नजरेत मात्र यांतले एकही छप्पर भरत नाही.

नव्या टोलेजंग इमारतींत खोल्यांना तोटा नाही. तरीही शिकायला आलेला मुलगा भाड्याची खोली विचारू लागला की मालक आधी आडनाव विचारतो. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. मग तो मुलगा वळकटी उचलून पुन्हा दसरा चौकाकडे येतो.