खर्डा: जिथे मराठे शेवटचे एकत्र लढले

जामखेडहून आग्नेयेला साधारण वीस किलोमीटरवर खर्डा लागतं. गावाबाहेर चौकोनी, घडीव दगडांचा भुईकोट किल्ला दिसतो. हाच शिवपट्टण किल्ला. तो 1740 च्या दशकात सुलतानराव निंबाळकरांनी बांधला. निंबाळकर मराठा, पण सरदार निजामाचे. त्या काळी यात कुणाला काही विचित्र वाटत नसे. गावात त्यांची गढीही होती, आणि सावकार-व्यापाऱ्यांमुळे खर्ड्याची पेठ अगदी इंग्रजी अमलातही नावाजलेली होती.

पण खर्डा इतिहासात गेलं ते एका दिवसामुळे: 11 मार्च 1795.

भांडण थकलेल्या चौथाईचं होतं. निजाम अली पैसे देईना आणि त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांना दाद देईना. नाना फडणवीसांनी दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले अशा सगळ्यांना एकत्र आणलं. (एरवी ही मंडळी एकमेकांच्या जिवावर उठलेली असत!) सेनापती होते परशुरामभाऊ पटवर्धन. निजामाकडे फ्रेंच रेमंडच्या कवायती पलटणी होत्या, तर शिंद्यांच्या पलटणींवरही फ्रेंचच, पेरॉन. निजामाने इंग्रजांकडे मदत मागितली होती, पण गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला.

प्रत्यक्ष लढाई फार मोठी झाली नाही. निजामाच्या सोबत जनाना होता, तोफा सुरू झाल्यावर तिथे घबराट उडाली आणि म्हणून त्याने रातोरात माघार घेतली, असं सांगतात. तो शिरला थेट खर्ड्याच्या किल्ल्यात. मराठ्यांनी वेढा घातला. मार्चचं ऊन, दुष्काळी मुलूख आणि एवढ्या फौजेला पाणी पुरणार कुठून? त्याच्याच सरदाराने बांधलेला किल्ला निजामासाठी पिंजरा ठरला. काही दिवसांतच तो तहाला तयार झाला. दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, तीन कोटी रुपये आणि खुद्द मुशीरुल्मुल्क ओलीस, अशा अटी ठरल्या.

मग हे सगळं गेलं कुठे? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून वारले. गादीसाठी कारस्थानं सुरू झाली. त्यात निजामाची मदत मिळवण्यासाठी 1796 मध्ये महाडच्या तहात नानांनीच खर्ड्याच्या कमाईवर बरंचसं पाणी सोडलं. मुशीरुल्मुल्क सुटून हैदराबादला परतला. 1798 मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि रेमंडच्या पलटणी मोडल्या गेल्या. 1802 मध्ये वसईत दुसऱ्या बाजीरावानेही तेच केलं.

याच तालुक्यातल्या चौंडीत 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर खर्ड्याच्या लढाईनंतर पाच महिन्यांनी, 13 ऑगस्ट 1795 ला महेश्वरला वारल्या. जिल्ह्याला आता त्यांचं नाव आहे. चौंडीला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून खर्ड्याचा किल्लाही पाहावा. तटावर चढलात, तर निजामाची फौज कुठे अडकली होती ते डोळ्यांसमोर येतं.