हात गुंतलेले, मान मोकळी

विमान उडवण्याच्या खेळात शत्रू सहसा समोर येत नाही. तो डाव्या पंखामागे असतो, नाहीतर थेट डोक्यावर. पडद्यावर मात्र नाकासमोरचं आभाळच दिसत राहतं. 2000 सालाच्या आसपास त्यावर उपाय म्हणजे जॉयस्टिकच्या टोकावरचं छोटं बटण. ते अंगठ्याने ढकललं की दृश्य टप्प्याटप्प्याने बाजूला सरकायचं. एका हातात जॉयस्टिक, दुसऱ्यात थ्रॉटल आणि अंगठ्याच्या माथी नजरेचीही हमाली. एवढ्या गर्दीत मान तेवढी रिकामी बसलेली. तिला कामाला लावायची युक्ती आज शे-दोनशे रुपयांच्या सामानात जमते, पण तिचं कूळ खेळातलं नाही.

1961 मध्ये अमेरिकेतल्या फिल्को कंपनीने एक शिरस्त्राण बनवलं. ते घालून मान वळवली की दूर ठेवलेला कॅमेरा त्याच दिशेला वळायचा. 1968 मध्ये संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँडने डोळ्यांसमोर छोटे पडदे बसवले आणि डोकं कुठे वळतंय ते मोजायला छतापासून एक यांत्रिक दांडा खाली आणला. बघणाऱ्याच्या डोक्यावर सगळा डोलारा लटकत असल्याने त्याला ग्रीक कथेतल्या डॅमोक्लिसच्या तलवारीचं नाव चिकटलं. दिसायचं काय, तर हवेत तरंगणाऱ्या, नुसत्या रेघांच्या आकृत्या. पण डोकं हललं की त्यांची बाजू बदलायची, आणि त्या काळी ही मोठी गोष्ट होती. सैन्याने हे तंत्र उचललं, कारण लढाऊ वैमानिकाचेही दोन्ही हात गुंतलेलेच असतात. 1980च्या दशकात सेवेत आलेल्या अपाचे हेलिकॉप्टरची 30 मिलिमीटरची तोफ वैमानिक मान वळवील तिकडे तोंड करते. अर्थात या सगळ्याचा खर्च सरकारी तिजोरीला झेपणारा होता.

दुसरी शाखा हात चालतच नाहीत अशांच्या गरजेतून फुटली, आणि माझ्या मते खेळाडूंवर खरं ऋण तिचंच आहे. माउस धरता येत नाही, पण मान हलते, अशा माणसांसाठी अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजात मार्ग्रिट बेटके आणि जेम्स गिप्स यांनी ‘कॅमेरा माउस’ घडवला. साधा कॅमेरा नाकाच्या शेंड्यावर नजर ठेवतो आणि शेंडा हलेल तसा पडद्यावरचा बाण हलवतो. 2007 पासून तो फुकट मिळू लागला. ओरेगनमधल्या कॉर्व्हॅलिस गावची नॅचरलपॉइंट ही कंपनीही सुरुवातीला हाताशिवाय बाण हलवण्याच्याच मागे होती. कपाळावर किंवा टोपीवर चकाकणारी टिकली लावायची, कॅमेऱ्याभोवतीचे अवरक्त दिवे तिच्यावर प्रकाश टाकतात आणि कॅमेरा ती टिपतो. ‘ट्रॅकआयआर’ नावाचं हे यंत्र विमान-खेळवाल्यांच्या नजरेस पडलं आणि गिऱ्हाईकच बदललं. पुढे एका टिकलीच्या जागी तीन बिंदूंची चौकट आली. मग मान वळणं, वर-खाली होणं, खांद्याकडे कलणं आणि डोकं पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली सरकणं, अशा सहाही हालचाली मोजता येऊ लागल्या.

तीन ठिपक्यांवरून डोक्याची स्थिती काढणं हे गणिताचं काम, आणि तेही एव्हाना हलकं झालं होतं. मेरीलँड विद्यापीठातल्या डेमेन्थन आणि डेव्हिस यांनी चार किंवा अधिक बिंदूंवरून वस्तूची स्थिती शोधण्याची रीत 1990च्या दशकात अवघ्या 25 ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसवून दाखवली. तीन बिंदूंसाठीही वेगळी सूत्रं होती. अडचण उरली ती किमतीची. दीडशे डॉलरच्या आसपासचं यंत्र केवळ खेळासाठी कोण घेणार?

मग हौशी मंडळींनी पेचकस उचलला. ‘फ्रीट्रॅक’ ही फुकट प्रणाली आली आणि यंत्र घरीच होऊ लागलं. वेबकॅमच्या संवेदकाला अवरक्त प्रकाश मुळातच दिसतो, पण चित्राचे रंग बिघडू नयेत म्हणून लेन्समागे बारीक काच बसवून तो अडवलेला असतो. लेन्स उघडून ती काच काढायची. आता उलटा बंदोबस्त हवा, म्हणजे अवरक्त आत यावा आणि घरातला उजेड बाहेर राहावा. त्यासाठी धुऊन आलेल्या रंगीत रोलचं टोकाचं, पूर्ण काळं पडलेलं निगेटिव्ह कापून लेन्ससमोर लावायचं. ते नसेल तर जुन्या फ्लॉपीतली चकती. टीव्हीच्या रिमोटात असतात तसे तीन अवरक्त एलईडी टोपीला किंवा हेडफोनच्या बाजूला बसवायचे, एका रेषेत येऊ न देता. एकामागून एक जोडले, सोबत एक छोटा रोधक घातला, की यूएसबीच्या 5 व्होल्टवर तिन्ही चालतात. सगळ्यात सुंदर कारागिरी मात्र कानशीची. एलईडीचं गोल डोकं घासून सपाट केलं की प्रकाश पसरतो आणि मान वळली तरी कॅमेऱ्याला दिवा दिसत राहतो. 2007 मधला प्लेस्टेशन 3चा ‘आय’ कॅमेरा सेकंदाला 60 चित्रं घ्यायचा, त्यामुळे या मंडळींनी तो खेळयंत्रापेक्षा संगणकालाच जास्त प्रेमाने जोडला.

डिसेंबर 2007 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉनी चुंग ली या विद्यार्थ्याने निन्टेंडोच्या ‘वी’ खेळयंत्राचा रिमोट टीव्हीजवळ ठेवला आणि एरवी टीव्हीजवळ असणारे अवरक्त दिवे आपल्या चष्म्यावर चढवले. रिमोटच्या टोकाला अवरक्त कॅमेरा असतो, त्यामुळे एवढी अदलाबदल पुरली. डोकं हलेल तसं दृश्य बदलून पडदा खिडकीसारखा खोल दिसू लागला. चित्रफीत जगभर गाजली. मात्र खेळाडूंच्या घरात ही तऱ्हा फारशी रुजली नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे. कॉकपिटमध्ये मागे बघायचं असतं, पण मान पूर्ण वळवली तर पडदाच दिसेनासा होतो. म्हणून मान 15-20 अंश वळली की खेळातली नजर पार पाठीमागे जावी, असं गुणोत्तर लावतात. मधला भाग मुद्दाम मंद ठेवतात, नाहीतर शिंक आली तरी क्षितिज हलतं.

पुढे दिवेही गळाले. ‘फेसट्रॅकनोआयआर’ या प्रणालीने साध्या वेबकॅमवर चेहराच ओळखायला घेतला. त्यातून निघालेली ‘ओपनट्रॅक’ आजही फुकट आहे. 2023 मध्ये गूगलने ‘गेमफेस’ खुलं केलं. त्यात मानेने बाण हलतो आणि भुवई उचलणं, तोंड उघडणं अशा खुणांना कामं नेमून देता येतात. त्याची प्रेरणा लान्स कार हा स्नायूंच्या आजाराने हातपाय न चालणारा अमेरिकन खेळाडू. घराला लागलेल्या आगीत त्याची खेळायची साधनं जळाली होती. अँड्रॉइड आवृत्तीच्या वेळी, खेळाबाहेर शिक्षण आणि नोकरीसाठी हे कसं वापरता येईल हे समजून घ्यायला गूगलने भारतातल्या इन्क्लूझा या संस्थेची सोबत घेतली.

तेव्हा घरात वेबकॅम पडून असेल तर यंत्र विकत घेण्याआधी ओपनट्रॅक उतरवून बघा. त्यातला ‘न्यूरलनेट’ पर्याय निवडा, टोपीवर काहीही लावावं लागत नाही. फक्त खिडकी पाठीशी ठेवू नका. उजेड चेहऱ्यावर पडला पाहिजे.