पायातला बूट आणि पायाखालचा इतिहास

माणसाची जात ओळखायला त्याचे नाव-गाव विचारावे लागत नसे. त्याच्या पायांकडे पाहिले की पुरे होई. वाड्यासमोरून जाताना ज्याच्या वहाणा पायात असत तो गावातला, आणि ज्याच्या वहाणा हातात किंवा काखेत असत तो गावकुसाबाहेरचा. पुरुषसूक्ताने शूद्राचा जन्म पायांपासून सांगितला. ज्यांना त्या चार वर्णांतही जागा नव्हती, त्यांच्या पायांना तर जोड्याचाही हक्क उरला नाही. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आपण मराठीच्या पाठ्यपुस्तकात निर्धास्तपणे शिकतो. ती म्हण चामड्याच्या वहाणेविषयी नाही, माणसाविषयी आहे, हे शिकवणारा गुरुजी सांगत नाही. ज्याला ती लागू होते त्या पोराला मात्र ते न सांगता कळते.

म्हणून पायातल्या बुटाचा इतिहास हा किरकोळ विषय नाही. पागोट्याचा, तलवारीचा, सिंहासनाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. पायताणाचा इतिहास ज्यांनी ते केले आणि ज्यांना ते घालू दिले नाही, त्यांनीच लिहिला पाहिजे.

बूट तयार कसा होतो ते आधी पाहू. बलुतेदारीच्या गावगाड्यात मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महाराचे. कातडे कमावण्याचे काम ढोराचे. चुन्यात भिजवायचे, केस काढायचे, मग बाभळीच्या सालीच्या, तरवडाच्या आणि हिरड्याच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवायचे. त्या कमावलेल्या कातड्याच्या वहाणा, मोट आणि आसूड करायचे काम चांभाराचे. एका वहाणेला इतक्यांचे हात लागत, पण हे हात एका पंक्तीला जेवत नसत. चांभार ढोराला खाली मानी, दोघेही महार-मांगांपासून अंतर राखीत. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिचा याहून उघड नमुना दुसरा कोणता? ज्या कातड्याने सगळ्यांना बाटवले म्हणतात, त्याच कातड्याच्या मोटेचे पाणी पिऊन पाटलाचा मळा पिकत होता. मोटेच्या पाण्याला विटाळ नव्हता. विटाळ होता तो मोट शिवणाऱ्याला.

ह्या गावगाड्यातून बाहेर पडण्याची एक वाट पलटणीतून गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची भरती मोठ्या प्रमाणावर होई. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे जे लढले त्यांत महार शिपाई होते, आणि तिथल्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. त्या काळी देशी शिपायाच्या पायात बहुधा देशी वहाणाच असत. खिळे ठोकलेल्या जड तळाचा, घोट्यावर नाड्या आवळायचा बूट हळूहळू आला. कानपूरला १८६०च्या दशकात सरकारी हार्नेस अँड सॅडलरी कारखाना निघाला, १८८०च्या दशकात कूपर ॲलन कंपनी उभी राहिली, आणि फौजेसाठी लागणारे खोगीर, पट्टे, बूट तिथे तयार होऊ लागले. त्या धंद्यात कानपूरच्या चर्मकारांच्या हाती थोडा पैसा आला. स्वामी अछूतानंदांच्या आदि हिंदू चळवळीने पुढे १९२०च्या दशकात जिथे जोर धरला, त्या शहरांत कानपूर होते, हा योगायोग नव्हे.

आता पलटणीतल्या बुटाने काय केले ते पाहा. गावात जो अनवाणी होता त्याला सरकारने पायात बूट घालण्याचा हुकूम दिला. हक्क नव्हे, हुकूम! बूट घातला नाही, त्याला चकाकी आणली नाही, तर शिक्षा. ज्या माणसाला जोडा घातल्याबद्दल मार बसत होता, त्याला आता जोडा न घातल्याबद्दल जाब द्यावा लागू लागला. ह्या एका उलटापालटीने त्याच्या मनात काय घडले असेल? त्याबरोबर शाळा आली. पलटणीतल्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, आणि १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. बूट आणि पुस्तक एकाच छावणीतून आले.

पण जो बूट दुसऱ्याने दिला तो दुसरा काढूनही घेतो. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी वाटणी झाली. १८९०च्या दशकाच्या प्रारंभी महारांची भरती बंद पडली. मनूने जे केले तेच साहेबाने शास्त्राच्या नावाने केले. वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे ह्यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध सरताच १९२१ साली मोडली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब बोलले तेव्हा ह्या बंद झालेल्या लष्करभरतीने अस्पृश्यांचे केवढे नुकसान केले ते त्यांनी आवर्जून सांगितले. १९४१ साली ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. गरज पडली की बूट द्यायचा, गरज सरली की काढून घ्यायचा. ह्या रीतीला उत्तर म्हणून बाबासाहेबांनी बूट मागितला नाही. बूट वाटणाऱ्या टेबलाशी बसण्याचा अधिकार मागितला.

मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. आपण निजामाच्या राज्यात. हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली इथे होत्या. १९०३ साली ते सैन्य ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाले. नांदेड-लातूरकडच्या खेड्यातल्या माणसाने बूट पाहिला तो बहुधा दुसऱ्याच्या पायात : पोलीस पाटलाच्या दारी आलेल्या शिपायाच्या, जहागीरदाराच्या माणसाच्या, आणि १९४७-४८ मध्ये रझाकाराच्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा आत आल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाचे राज्य संपले. गावकुसाबाहेरच्यांना आपला बूट त्यानंतर मिळाला, आणि तो फौजेतून आला नाही. तो मिलिंद महाविद्यालयातून आला. १९५० साली औरंगाबादला ते सुरू झाले. खेड्यातून अनवाणी गेलेला पोरगा सुट्टीत परत आला तेव्हा त्याच्या अंगात इस्तरीचा सदरा होता, पायात बूट होता, आणि तो वाड्यासमोर बूट काढीत नव्हता.

ज्यांना हा बूट खुपला त्यांनी १९७८ साली हिशेब चुकता केला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि गावोगाव वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे मारले गेले. त्या दंगलीत विद्यापीठाच्या पाटीचा प्रश्न किती होता आणि बूट घालून ताठ चालणाऱ्या पोराचा प्रश्न किती होता? जाळणाऱ्यांतल्या कित्येकांना विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नसावे. शेजारच्या वस्तीतला पोरगा मात्र त्यांना रोज दिसत होता. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

आजचे चित्र काय? लातूरला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे भरती प्रशिक्षण केंद्र आहे, त्याच दलाचे प्रशिक्षण केंद्र नांदेड जिल्ह्यात मुदखेडला आहे, आणि चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे केंद्र आहे. पहाटे ह्या भागातल्या कुठल्याही रस्त्याला उभे राहा. भरतीसाठी धावणारी पोरे दिसतील. भरती झाल्यावर सरकार बूट देते. पण एन.सी.सी.तला विद्यार्थी, होमगार्ड, आणि पुण्या-मुंबईत सुरक्षारक्षकाची नोकरी धरणारा आपला भाऊ पुष्कळदा स्वतःच्या पैशाने लष्करी घडणीचा स्वस्त बूट घेतो, आणि पुष्कळदा फसतो. इतिहासाच्या लेखात बुटाचे माप कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या पायाचे माप हाच आपला इतिहास आहे. पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी चाललेल्यांचे पाऊल पुढे रुंद असते, बोटे पसरलेली असतात. बाजारातला बूट ज्या फर्म्यावर चढवलेला असतो तो बहुधा अरुंद असतो. पोरगा लांबीचा नंबर सांगतो, पाय कडेला आवळतो, मग तो दोन नंबर मोठा बूट घेतो आणि टाच आत खेळून सोलते. दोष पायाचा नाही. फर्मा आपल्या पायावरून घेतलेला नाही.

तेव्हा बूट घ्यायला संध्याकाळी जावे. दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो, तेच त्याचे खरे माप. जे मोजे घालायचे तेच घालून दोन्ही पायांत बूट घालून पाहावा. दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाला बसेल तो घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, आणि पावलाची जिथे सर्वांत जास्त रुंदी तिथेच बूट वाकला पाहिजे. कातडे अंगठ्याने दाबावे. बारीक सुरकुत्या पडून परत गेल्या तर ते वरच्या थराचे सलग कातडे. वाकवल्यावर वरचा रंगाचा पापुद्रा तडकला तर खाली भुसभुशीत थर आहे असे समजावे. शिवलेला तळ झिजला तर मोची बदलून देतो. साच्यात ओतून चिकटवलेला रबरी तळ हलका असतो, पाण्याला दाद देत नाही, पण गेला की बूटच गेला. जुन्या बाजारातला वापरलेला बूट स्वस्त मिळतो. टाच एका अंगाने झिजलेली असेल, आतल्या तळाला दुसऱ्याच्या पायाचा खोल खळगा पडलेला असेल, तर तो घेऊ नये. दुसऱ्याच्या पायाने पडलेला खळगा आपला पाय बिघडवतो.

नवा बूट चावतो. पहिल्याच दिवशी तो घालून परेडला उभा राहणारा आठवडाभर लंगडतो. आधी घरात अर्धा-अर्धा तास घालावा, मग तासभर चालावे, असे दोन आठवडे सोसावे. आत पातळ सुती मोजा आणि वर जाड मोजा घातला की घर्षण दोन मोज्यांत होते, कातडीवर होत नाही. बूट भिजवून पायातच वाळवायचा जुना लष्करी उपाय झटपट आहे, पण त्याने कातडे आक्रसते आणि शिवण कुजते. आपल्याकडची काळी माती फार चिवट. ती शिवणीत वाळली की दोरा कापते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बूट सावलीत वाळवावा. उन्हात नको, चुलीजवळ नको. एरंडेलाचा हात हलका असावा, तेल जास्त झाले की कातडे ढिले पडते. फोड आला तर त्याची कातडी ओढून काढू नये, स्वच्छ करून झाकावा. हे सगळे ज्ञान आपल्याच ढोर-चांभार बांधवांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते शहाणपण म्हणून कुठल्याच शाळेत शिकवले गेले नाही, कारण ते पायाजवळचे.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात जोडेघर आहे. आलेल्या भाविकांचे जोडे हातात घेऊन सांभाळणे, पुसणे ही तिथे सेवा मानली जाते, आणि ती करायला खाल्ल्या घरचा माणूसही बसतो. म्हणजे दुसऱ्याच्या जोड्याला हात लावल्याने माणूस हलका होतो हा निसर्गाचा नियम नाही. तो एका समाजाने केलेला नियम आहे, आणि माणसाने केलेला नियम माणसाला मोडता येतो.

तो मोडला गेला का? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. तिच्यात दलिताला चपलांचा हार घालणे हा गुन्हा लिहावा लागला. त्याच्याही पुढे, दलिताला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे घालण्यास अडवणे हाही गुन्हा शब्दाने लिहावा लागला. प्रजासत्ताक होऊन सहासष्ट वर्षे झाली होती. ज्या गोष्टीची संसदेला नावानिशी नोंद घ्यावी लागते ती गोष्ट संपलेली नसते. आणि त्याच २०१६च्या जुलैत गुजरातमध्ये उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले. कातडे काढले तर मार, कातडे पायात घातले तर मार. मधला सगळा नफा मात्र सोवळा.

मित्रांनो, पहाटे धावणाऱ्या पोराला नोकरी हवी आहे, ती त्याला मिळावी. त्याच्या पायात चांगला बूट असावा. पण कोरेगावपासून १९२१पर्यंतचा धडा त्याने विसरू नये : नुसत्या बुटाने माणूस उभा राहत नाही. एका हाताने दिलेला बूट दुसऱ्या हाताने काढून घेतला गेला, तेव्हा हातात उरले ते वलंगकरांचे विनंतीपत्र, रामजींची शाळा आणि बाबासाहेबांची लेखणी. शिवाय ज्याच्या पायात आज बूट आहे त्याने तो शिवणाऱ्याच्या आणि कातडे कमावणाऱ्याच्या ताटाशी बसून जेवले पाहिजे. नाहीतर पुढच्यावर जोडा उगारणाऱ्यांच्या रांगेत आपणही एक होऊ.

बूट आपल्या पायाच्या मापाने घ्या. आपला पाय बुटाच्या मापाने कापून घेऊ नका.