नुसतं बघून वेड ओळखता येतं का?

आज जरा लंडनला जाऊ. साल 1843, महिना मार्च, ओल्ड बेली कोर्ट. आरोपीच्या पिंजऱ्यात डॅनियल मॅकनॉटन, ग्लासगोचा लाकूडकाम करणारा कारागीर. जानेवारीत त्याने एडवर्ड ड्रमंड यांच्या पाठीत गोळी घातली होती. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव. बहुतेक मॅकनॉटनला ते पीलच वाटले. पाच दिवसांनी ड्रमंड गेले.

मॅकनॉटनचं म्हणणं काय, तर टोरी पक्षाची माणसं माझ्या मागावर आहेत, मला जगू देत नाहीत. हे त्याने आधीही ग्लासगोत अधिकाऱ्यांना सांगितलं होतं. म्हणजे पकडल्यावर सुचलेली सबब नव्हती. बचावाच्या वकिलांनी डॉक्टर उभे केले. त्यातल्या काहींनी तुरुंगात जाऊन त्याच्याशी बोलून तपासणी केली होती. सरकारतर्फेही डॉक्टरांनी त्याला पाहिलं होतं, पण सरकारने त्यातल्या एकालाही साक्षीला बोलावलं नाही! मुख्य न्यायाधीश टिंडल यांनी विचारलं, याच्या विरोधात वैद्यकीय पुरावा आहे का? उत्तर आलं, नाही. खटला तिथेच संपल्यात जमा. वेडसरपणामुळे निर्दोष.

आता मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. साक्षीदारांत फोर्ब्स विन्स्लो नावाचे डॉक्टर होते. ते मॅकनॉटनशी एक शब्दही बोलले नव्हते. कोर्टात बसले, पुरावा ऐकला, आणि ठामपणे म्हणाले की हा माणूस वेडा आहे. आपण टीव्हीवर एखाद्याला बघून निदान करतो ना, तसंच की हे!

निकालाने राणी व्हिक्टोरिया भडकली. हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना पाच प्रश्न विचारले. शेवटचा नेमका हाच होता: आरोपीला आधी कधीच न भेटलेल्या, फक्त खटला ऐकलेल्या डॉक्टरचं मत घ्यायचं का? उत्तर साधारण असं: हक्क म्हणून नाही, कारण पुरावा खरा की खोटा हे ठरवणं ज्युरीचं काम. घटना दोन्ही बाजूंना मान्य असतील आणि प्रश्न निव्वळ शास्त्राचा उरला, तर चालेल.

यातलीच 'कृत्याच्या वेळी त्याला काय कळत होतं' ही कसोटी पुढे भारतीय दंड संहितेच्या कलम 84 मध्ये दिसते. आज ती भारतीय न्याय संहितेचं कलम 22 आहे. विचार करा, तपासणारा माणूस काही महिन्यांनी समोर बसतो आणि त्याला सांगायचं असतं त्या एका क्षणाबद्दल. म्हणून नुसत्या गप्पा पुरत नाहीत. जुनी कागदपत्रं, घरच्यांचं म्हणणं, चाचण्या, आणि आरोपी सोंग तर घेत नाही ना याची खातरजमा, सगळं लागतं. उपचार करणारा आणि कोर्टासाठी तपासणारा यांत फरकही इथेच आहे. दुसऱ्याला आधीच सांगावं लागतं की 'तू बोलशील ते माझ्या अहवालात जाऊ शकतं.'

पण हे सगळे डॉक्टर. मानसशास्त्रज्ञांना कोर्टात जागा मिळायला आणखी बराच काळ गेला. वॉशिंग्टनमधल्या जेन्किन्स खटल्यात तिघा मानसशास्त्रज्ञांनी साक्ष दिली, पण आजाराबद्दलचं त्यांचं मत विचारात घेऊ नका, असं न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं. 1962 मध्ये अपील कोर्टाने ते उलटवलं. एमडी नाही एवढ्यावरून कुणाला बाद करायचं नाही, ज्ञान आणि अनुभव बघायचा. मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने याला विरोध केला होता, हे ऐकून हसू येतं.

आपल्याकडे 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीच्या मानसिक तपासणीचा अहवाल कोर्टापुढे यायला हवा.

आणि मॅकनॉटन? तो सुटला नाही. आधी बेथलेम, मग 1864 मध्ये ब्रॉडमूर, आणि 1865 मध्ये तिथेच मृत्यू. अटकेच्या वेळी त्याच्याजवळ 750 पौंडांच्या ठेवीची पावती सापडली होती. एका साध्या कारागिराकडे एवढे पैसे कुठून आले, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. काहींच्या मते तो वेडा नव्हताच, राजकीय मारेकरी होता.