हौशी रेडिओ परवाना : परदेशप्रवासातील वापर

हौशी रेडिओचालकाला, म्हणजे हॅमला, परक्या भूमीवरून प्रक्षेपण करण्यासाठी लागणारी यजमान देशाची मान्यता. भारतात परवाना देण्याचे काम दिल्लीतील केंद्रीय बिनतारी नियोजन व समन्वय शाखा करते. त्याचा पाया १९७८ चे हौशी सेवा नियम. बंगळुरूच्या येलहंका भागातील हॅमचा ‘व्हीयू’ने सुरू होणारा कॉल साइन जगभर ओळखला जातो, पण त्यामागचा परवाना देशाच्या सीमेपाशी थांबतो. पाहुण्या हॅमला मुभा द्यायची की नाही, हे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या २५ व्या कलमाने यजमान देशावर सोपवले आहे. म्हणून एकाच माणसाला देशागणिक वेगळा न्याय मिळतो. अमेरिकेशी भारताचा परस्पर करार असल्याने भारतीय नागरिक असलेला हॅम कॅलिफोर्नियात आपल्या कॉल साइनआधी ‘डब्ल्यू ६’ जोडून बोलू शकतो. युरोपात तसे नाही. तेथील टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या ‘सेप्ट’ परिषदेने १९८५ मध्ये टी/आर ६१-०१ ही शिफारस स्वीकारली. तिच्यामुळे सहभागी देशांच्या हॅमना एकमेकांकडे तीन महिन्यांपर्यंत वेगळ्या अर्जाविना प्रक्षेपण करता येते. पुढे ती युरोपाबाहेरच्या देशांनाही खुली झाली. अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका तिच्यात आले. भारत आलेला नाही. परिणामी जर्मनीतील फ्रीडरिशहाफेनच्या हॅम मेळाव्यात अमेरिकी पाहुणा लगेच संच चालू करू शकतो, भारतीयाला मात्र आधी जर्मन परवानगी काढावी लागते. दोघेही परीक्षा देऊनच हॅम झालेले असतात; अडते ते केवळ सरकारी सहभागावर.

भारताने या व्यवस्थेत यावे, याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि येलहंक्यात तो सहज पटतो: हवाई दलाचा तळ येथेच आहे, १९९६ पासून एरो इंडिया प्रदर्शनही येथेच भरते. परंतु शिफारशीने यजमानाचे अधिकार कमी होत नाहीत. वारंवारता, शक्तिमर्यादा, निषिद्ध जागा यांबाबत पाहुण्यावर स्थानिक नियमच लागू राहतात. दुसरा आक्षेप परीक्षांच्या दर्जाचा. त्यावर तोड आहे: कोणत्या श्रेणीचा परवाना ग्राह्य धरायचा, हे सहभागी होतानाच ठरते, भारताला केवळ सामान्य श्रेणी पुढे करता येईल. शिवाय शांत काळात दिलेली परवानगी संकटात कामी येते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचा हॅम चमू खास मंजुरी घेऊन अंदमानात गेला होता, म्हणूनच २६ तारखेच्या त्सुनामीनंतर तेथून संदेशवहन लगेच सुरू होऊ शकले.

भारत सहभागी होईपर्यंत प्रवाशाने, गरज असेल तेथे, निघण्यापूर्वी यजमान देशाच्या नियामकाकडून लेखी मान्यता घ्यावी आणि मूळ परवाना जवळ ठेवावा. संच नेण्या-आणण्याचे सीमाशुल्क नियम वेगळे असतात. प्रक्षेपणाच्या परवानगीने त्यांची पूर्तता होत नाही.