‘नुसतं खेळवतात’ म्हणजे काय करतात?

बचत गटाची बैठक संपली, हिशेबाची वही मिटली, की बोलणं मुलांवर येतं. आमच्या होटगीत तर हमखास येतं. मग कुणीतरी म्हणतंच, “अंगणवाडीत शिकवत काही नाहीत, नुसतं खेळवतात.” पाठोपाठ इंग्लिश शाळेच्या पिवळ्या गाडीचं नाव निघतं. तिथं म्हणे तीन वर्षांचं पोर एबीसीडी गिरवतं. आज मी या ‘नुसतं खेळवतात’चाच इतिहास सांगणार आहे. हे खेळवणं आपल्या दारात यायला फार वर्षं लागली, आणि ते आणण्यात बायकांचा वाटा मोठा आहे.

आधी आपलंच अंगण बघू. ज्वारीची काढणी झाली, कडबा रचला, की पोरं त्यातलं एक चांगलं ताट उपसतात. वरची साल सोलून तिच्या चिपा करायच्या, आतल्या मऊ गाभ्याचे तुकडे करायचे, चिपा त्यात खुपसायच्या, की झाली बैलगाडी. दुकानात जायला नको, पैसा नको. आपलं गाव कानडी-मराठीच्या शिवेवरचं. जेठातल्या पुनवेला कारहुणवी, खऱ्या बैलांचा सण. पंधरा दिवसांनी अमावस्येला मातीच्या बैलांचा. कानडी बोलणाऱ्या घरांत तिला ‘मण्णेत्तिन अमावस्या’ म्हणतात. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. आजी बैल करते, नातू शिंगं लावतो, आणि दोन्ही शिंगं एकसारखी येईपर्यंत मोडून मोडून पुन्हा लावतो. आणि आपलं गाव जंक्शनचं. विजापूर-गदगकडचा फाटा इथूनच फुटतो. त्यामुळे एकमेकांचे सदरे धरून आगगाडी करणारी पोरं इथं पिढ्यान्‌पिढ्या दिसतात.

हा खेळ किती जुना? मोहेंजोदडोच्या उत्खननात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या छोट्या बैलगाड्या सापडल्यात, खुळखुळे सापडलेत, फुंकलं की वाजणाऱ्या पक्ष्यांच्या शिट्ट्या सापडल्यात. एवढं लांब जायचं नसेल तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला जा. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मातीच्या मूर्ती ठेवल्या आहेत. अशा मूर्तींत पूजेची कुठली आणि पोराच्या हातातली कुठली, हे ओळखणं सोपं नसतं. आपल्या मातीच्या बैलाचं तरी दुसरं काय असतं? सकाळी देव, संध्याकाळी खेळणं.

खेळ इतका जुना, पण खेळातून मूल शिकतं हे शाळेच्या मास्तरांना कबूल व्हायला फार उशीर लागला. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने 1837 साली लहान मुलांची खेळशाळा काढली आणि 1840 साली तिला नाव दिलं किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. त्यांचं पहिलं खेळणं होतं लोकरीचे सहा रंगीत चेंडू. आपण झबल्याच्या उरलेल्या लोकरीतून करतो तसले. 1851 साली तिथल्या प्रशिया राज्याच्या सरकारने या बालवाड्यांवर बंदीच घातली! ती उठायला 1860 उजाडलं. लोकरीच्या चेंडूंत राज्याला कसली भीती वाटली असेल, देव जाणे.

त्यानंतरची गोष्ट रोम शहरातली. मारिया माँटेसोरी या डॉक्टरबाईंनी 6 जानेवारी 1907 रोजी तिथल्या गरीब वस्तीत ‘बालगृह’ सुरू केलं. आईबाप कामाला गेले की मुलं दिवसभर चाळीत हुंदडायची, भिंती खराब करायची. त्यांच्यासाठी ते होतं. आज माँटेसोरी म्हटलं की शहरातली महागडी शाळा डोळ्यांपुढे येते, म्हणून मुद्दाम सांगते, तिची सुरुवात मजुरांच्या पोरांपासून झाली.

त्या काळात आपल्याकडे मजूर बाईचं मूल कुठं होतं? मुंबईच्या कापडगिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळाला अफूची बाळागोळी द्यायच्या. पाळी संपेपर्यंत बाळ झोपून राहायचं. सोलापुरातही 1877 पासून गिरणीचा भोंगा वाजत होता. त्या आयांना मी दोष देणार नाही. बाळ सांभाळायला माणूस नाही आणि रोज बुडवून चालत नाही, हे ऊसतोडीला गेलेली बाई आजही सांगेल. पण गुंगीतलं मूल खेळत नाही. ते हात हलवत नाही, आवाजाकडे मान वळवत नाही, बोलायला शिकत नाही. पन्नासाहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवंच, असं 1948 च्या कायद्याने ठरवलं. शेताच्या बांधावर, झाडाला झोळी बांधणाऱ्या बाईला तो कायदा कधी लागू झाला नाही.

आता आपल्या माणसांकडे येते. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. त्यांनी वकिली सोडली आणि 1920 साली बालमंदिर काढलं. मुलांत इतके रमायचे की लोक त्यांना ‘मिशाळ आई’ म्हणायचे. 1923 साली त्यांच्याकडे ताराबाई मोडक आल्या. शिकलेल्या बाई, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान मुलगी. या दोघांनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. पुढे 1936 साली ताराबाईंनी मुंबईत दादरला ‘शिशुविहार’ सुरू केलं आणि ते चांगलं चाललं. पण माँटेसोरीची साधनं म्हणजे घोटीव लाकडाचे ठोकळे, मापात कापलेले दट्टे, रंगीत मणी. ती खेड्याला परवडणार कशी? हा प्रश्न ताराबाईंना सोडेना.

1945 साली त्या मुंबईचं सगळं मागे ठेवून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. वय झालं होतं त्रेपन्न. त्याच वर्षी कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची अनुताई वाघांशी गाठ पडली. अनुताई मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, आणि वर्षाच्या आत कपाळ पांढरं. तरी शिकल्या, पुण्यात शिक्षिका झाल्या. ताराबाईंबरोबर त्या बोर्डीला गेल्या आणि 1992 साली देह ठेवेपर्यंत त्याच कामात राहिल्या.

बोर्डीत शाळा काढली, पण गरिबाघरची मुलं येईनात. कुणी धाकट्या भावंडाला काखेत घेऊन हिंडतंय, कुणी शेळ्या राखतंय. दुसरं कुणी म्हणालं असतं, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. या दोघींनी शाळाच उचलली आणि मुलांच्या वस्तीत, घरापुढच्या अंगणात नेली. आधी तोंड धुवायचं, केस विंचरायचे, नखं कापायची. मग गाणी, मग खेळ. ही अंगणातली बालवाडी. आज गावोगावच्या पाटीवर दिसणारं ‘अंगणवाडी’ हे नाव ताराबाईंच्या कामातून आलेलं आहे.

1957 साली काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या मुलांत. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली, तिचं नाव कुरणशाळा. थोरली बहीण भावंडामुळे अडकते म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी ठेवली. आणि साधनं? शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं, काटक्या. मापाच्या ठोकळ्यांऐवजी लहानमोठे दगड क्रमाने लावायचे. रंगाच्या पट्ट्यांऐवजी पानाफुलांचे रंग जुळवायचे. मला विचाराल तर हे धाडस मोठं. परदेशातून आलेली पद्धत तशीच उचलणं सोपं असतं. तिच्यातलं सार ठेवून बाकीचं आपल्या मातीचं करणं अवघड.

हे सार काय, ते आपल्याच कामांतून सांगते. सुपातले ज्वारीतले खडे वेचायला मूल शेजारी बसतं तेव्हा अंगठा आणि तर्जनी एकत्र येतात. उद्या पेन्सिल धरायची ती त्याच दोन बोटांनी. सागरगोटे झेलताना डोळा आणि हात जुळतात, मोजणीही होते. पदराआड तोंड लपवून ‘कुक’ केलं की बाळाला कळायला लागतं, दिसेनाशी झालेली आई गेलेली नसते. भातुकलीत चार वर्षांची पोर सासूसारखी बोलते, पाहुण्याला आग्रह करते, आपली पाळी येईपर्यंत थांबते. गिरवायला लावलेली एबीसीडी यातलं एकही देत नाही. बोटं तयार नसलेल्या पोराला ती रडवते मात्र.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली. अंगणवाडी देशभर गेली. आहार, लसीकरण, तपासणी यांच्याबरोबर शाळापूर्व शिक्षणही तिच्यात होतं. पण पातेलं मोजता येतं, वजन काट्यावर दिसतं, खेळ कशावर मोजायचा? सेविकाताईंच्या रजिस्टरांत खेळ मागे पडला आणि आपणही अंगणवाडीला खिचडीची जागा समजू लागलो.

खिचडीला मी कमी लेखत नाही. पण जमैका बेटावरचं ऐका. 1986-87 साली किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत 129 खुरटलेली बाळं निवडली. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आपल्या आशाताईंसारख्या कार्यकर्त्या दोन वर्षं आठवड्यातून तासभर जायच्या आणि टाकाऊ वस्तूंची घरगुती खेळणी घेऊन बाळाशी कसं खेळायचं, ते आईला दाखवायच्या. काहींना दोन्ही मिळालं. वीस वर्षांनी पाहिलं, तर खेळाचा लाभ झालेल्यांची कमाई, तो न झालेल्यांपेक्षा 25 टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा फरक एवढा टिकला नव्हता.

2020 च्या शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पहिला टप्पा धरलाय आणि तो खेळातून शिकण्याचा म्हटलाय. 2023 साली दिल्लीहून खेळण्यांची ‘जादुई पिटारा’ नावाची पेटीही निघाली. पेटी आली तर चांगलंच, फक्त ‘मोडेल, हरवेल’ म्हणून ती कपाटात जाऊ नये.

येत्या जेठ अमावस्येला गटातल्या दोघीतिघींनी अंगणवाडीत एक घमेलं काळी माती न्यावी, बैल करणाऱ्या एखाद्या आजीला सोबत न्यावं. माती चाळून घ्या, काचा-खडे काढा. चिंचोके, मणी मात्र तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती देऊ नका, ते तोंडात घालतं आणि घशात अडकतं. त्याला माती आणि पाणी पुष्कळ झालं.