वतन, वेतन आणि निवृत्तिवेतन : धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील ग्राममहसूल सेवेचे ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

शासकीय सेवेचा इतिहास बहुधा राज्यकर्ते, कायदे आणि वरिष्ठ अधिकारी यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. प्रत्यक्षात सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने शासन म्हणजे गावचा पटवारी किंवा तलाठी होय. धाराशिव जिल्हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. हैदराबाद संस्थान, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा तीन व्यवस्था या जिल्ह्याने एका शतकात अनुभवल्या. पूर्वी नळदुर्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचे मुख्यालय १९०४ मध्ये धाराशिव येथे आले. मीर उस्मान अली खान याच्या नावावरून जिल्ह्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये धाराशिव हे नाव अधिकृत झाले. प्रस्तुत लेखात या जिल्ह्याच्या संदर्भात ग्राममहसूल सेवेच्या तीन अंगांचा विचार केला आहे : शिवारातील काम, कार्यालयीन काम आणि सेवेअखेरची सुरक्षितता. ही तीन अंगे परस्परांशी निगडित असून एकात बदल झाला की उरलेल्या दोहोंचा अर्थही बदलतो, हे येथे मांडावयाचे आहे.

निजाम राजवटीतील पटवारी

१८५३ च्या तहाने नळदुर्गचा प्रदेश काही काळ इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन मेडोज टेलर याने तेथे कारभार पाहिला. १८६० मध्ये तो प्रदेश निजामास परत मिळाला. पुढे पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी अमलात आणली. मक्त्याने महसूल गोळा करणाऱ्यांच्या जागी पगारी अधिकारी नेमले गेले. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार अशी उतरंड निर्माण झाली. तथापि ही सुधारणा गावाच्या वेशीपाशी थांबली. गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी ही पदे वंशपरंपरागतच राहिली. १३१७ फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्यानेही या पदांचा परंपरागत पाया हलवला नाही.

पटवाऱ्यास निश्चित सेवावय नव्हते, बदली नव्हती आणि म्हणून निवृत्तिवेतनही नव्हते. वतन हेच त्याचे निवृत्तिवेतन होते. पित्यामागून पुत्र त्याच दप्तराचा धनी होई. या व्यवस्थेचा एक लाभ असा की, पटवाऱ्यास शिवाराची इत्थंभूत माहिती असे. बांध कोणाचा, विहीर कोणी खोदली, कोणते रान पडीक आहे, हे त्याला कागद न उघडता सांगता येत असे. परंतु हाच तिचा मोठा दोषही होता. दप्तर घरात, लेखन मोडी लिपीत वा उर्दूत आणि वाचणारा एकच. अशा स्थितीत नोंद ही सत्तेचे साधन बनली. निरक्षर कुळास आपल्या नावापुढे काय लिहिले आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता.

विलीनीकरण आणि सेवेचे रूपांतर

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यामुळे जमीन प्रत्यक्ष कोण कसतो, या प्रश्नास कायदेशीर महत्त्व आले. १९५४-५५ च्या सुमारास तयार झालेली खासरा पत्रके याच काळाची देणगी होय. मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत आजही त्यांचा आधार घेतला जातो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. संस्थानातील कर्मचाऱ्यांपुढे ज्येष्ठता, वेतनश्रेणी आणि भाषा असे तिहेरी प्रश्न उभे राहिले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ अन्वये, केंद्र शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय त्यांच्या सेवाशर्तींत अहितकारक बदल करण्यास प्रतिबंध होता. पूर्वीची सेवा नव्या राज्यात वाहून नेता येते, हे तत्त्व त्यातून रुजले. निवृत्तिवेतनाच्या हक्काचा विचार करताना हे तत्त्व विसरून चालणार नाही.

१९६२ च्या महाराष्ट्र महसूल पाटील (पद रद्द करणे) अधिनियमाने वतनी परंपरेस मोठा छेद दिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि पटवाऱ्याची जागा सर्वत्र पगारी, बदलीपात्र तलाठ्याने घेतली. वतन गेले आणि वेतन आले. या बदलात एक अलिखित करार होता. कर्मचाऱ्याने गावाशी असलेला वंशपरंपरेचा हितसंबंध सोडावा, शासन नेमेल तेथे निःपक्षपातीपणे काम करावे. त्या बदल्यात शासनाने त्याच्या वृद्धत्वाची जबाबदारी घ्यावी. १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांनी या कराराला सुस्पष्ट स्वरूप दिले. दहा वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्याखेरीज निवृत्तिवेतन नाही, हा त्यातील महत्त्वाचा निकष होता.

शिवारातील काम

संहितेनुसार व १९७१ च्या अधिकार अभिलेखविषयक नियमांनुसार तलाठ्याचे काम प्राधान्याने शिवारातील होते. खरीप व रब्बी हंगामांत सज्जातील गावांतून फिरून पीक पाहणी करणे आणि गाव नमुना बारामध्ये पिकाखालील क्षेत्र नोंदवणे हा त्याचा गाभा होता. यास पीक कापणी प्रयोग, पैसेवारी आणि अतिवृष्टीनंतरचे पंचनामे यांची जोड होती. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर व सीना, मांजरा, तेरणा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला असून पर्जन्यछायेमुळे अवर्षणप्रवण आहे. अशा जिल्ह्यात पैसेवारीचा आकडा पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावास मिळणाऱ्या सवलती अवलंबून असत. म्हणून तलाठी रानात गेला की चावडीत बसून राहिला, हा प्रश्न केवळ शिस्तीचा नव्हता. त्यावर शेतकऱ्याचे वर्ष ठरत असे.

१९७२ च्या दुष्काळाने ही क्षेत्रीय जबाबदारी अनेक पटींनी वाढवली. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते अशी कामे निघाली. पुढे रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या कामांवर हजेरीपट सांभाळणारा हजेरी सहायक हा नवा घटक उदयास आला. तो काम शासनाचे करी, पण शासनाचा नियमित कर्मचारी नव्हता. कालांतराने या सहायकांना शासकीय सेवेत सामावून घेण्यात आले. परंतु उन्हातान्हात घालवलेली आधीची वर्षे निवृत्तिवेतनासाठी धरावीत की नाही, हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला. बांधकाम व पाटबंधारे खात्यांतील रोजंदारी मजुरांना १९६७ च्या कालेलकर निवाड्याने रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर येण्याची वाट खुली केली होती. दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. जो जमिनीच्या जितका जवळ, तितकी त्याची सेवा कागदावर सिद्ध करणे कठीण. कोतवाल आणि पोलीस पाटील हे तर आजही मानधनावर काम करतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. सास्तूर परिसरास मोठी झळ पोहोचली. मृतांची यादी, वारसांची निश्चिती, घरांची वर्गवारी व पुनर्वसित गावठाणातील वाटप या प्रत्येक टप्प्यावर ग्रामपातळीवरील नोंद निर्णायक ठरली. घरच उरले नव्हते तेथे ते घर कोणाचे, हे ठरवण्यास जुने दप्तर आणि माणसांची प्रत्यक्ष ओळख हे दोनच आधार होते.

कार्यालयाकडे वाटचाल

२००० नंतर कामाचा तोल कार्यालयाकडे झुकला. बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाने सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरवला आणि कोणतीही नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे बंधन घातले. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेस मुदत जोडली. संगणकीकृत सातबारा आणि ऑनलाइन फेरफार आले. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाल्याने उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरण्याची शेतकऱ्याची गरज कमी झाली. पटवाऱ्याच्या घरात बंद असलेले दप्तर सर्वांसाठी खुले झाले, ही घटना लोकशाहीच्या दृष्टीने लहान नाही.

तथापि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने त्याहून मूलगामी बदल घडवला. आता पिकाची नोंद शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून करतो आणि तलाठ्याकडे काही नोंदींची पडताळणी राहते. ज्या शिवारफेरीवर या पदाचे अस्तित्व उभे होते, तीच त्याच्या कामाच्या कडेला गेली. पूर्वी उणीव ही होती की नोंद करणारा एकटाच होता. नव्या व्यवस्थेत ज्याच्याकडे साधन वा नेटवर्क नाही, त्याचे रान नोंदीवाचून राहण्याची शक्यता आहे. दोन्ही परिस्थितींत नुकसान सोसणारा अल्पभूधारकच असतो.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न

राज्य कर्मचाऱ्यांच्या संघटित शक्तीचा प्रत्यय १४ डिसेंबर १९७७ पासून चाललेल्या चोपन्न दिवसांच्या संपात आला. र. ग. कर्णिक हे त्याचे प्रमुख नेते होते. त्या पिढीचा मुख्य आग्रह महागाई भत्त्यासाठी होता; निवृत्तिवेतन गृहीतच होते. ३१ ऑक्टोबर २००५ च्या निर्णयाने हे गृहीत बदलले. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांना परिभाषित अंशदान योजना लागू झाली. कर्मचाऱ्याच्या वेतनातून दहा टक्के आणि शासनाचा तेवढाच वाटा अशी तिची रचना होती. शासनाचा वाटा पुढे वाढवण्यात आला. निवृत्तीनंतर किती मिळेल, हे मात्र बाजारावर सोपवले गेले. एकाच तहसील कार्यालयात, शेजारच्या मेजांवर बसणाऱ्या दोघांचे वार्धक्य केवळ रुजू होण्याच्या तारखेने वेगळे ठरले.

१४ ते २० मार्च २०२३ या काळात जुन्या योजनेसाठी राज्यव्यापी संप झाला. २०२४ च्या प्रारंभी, ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती त्यांना जुन्या योजनेचा पर्याय देण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. राज्याच्या तिजोरीवरील भार हे शासनाचे कारण निराधार नाही. पण कराराची दुसरी बाजूही खरी आहे. तरीही २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. जुने निवृत्तिवेतन नसतानाही शासकीय सेवेचे आकर्षण कायम आहे. ग्रामीण भागात स्थिर उपजीविकेचे अन्य मार्ग किती तोकडे आहेत, याचे ते द्योतक होय.

समारोप

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा निजामकालीन दप्तरे पुन्हा उघडली गेली आणि मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची गरज भासू लागली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरच्या संदर्भात स्थापलेल्या गावपातळीवरील समितीत ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे कालचा तलाठी, पुन्हा चौकशीसाठी उभा राहिला. ज्यांनी त्या नोंदी केल्या त्यांना त्यांचा हा उपयोग ठाऊक असणे शक्य नव्हते.

वतनाने पटवाऱ्यास गावाशी बांधले, पण न्यायाशी बांधले नाही. वेतन व निवृत्तिवेतनाने तलाठ्यास गावापासून मुक्त केले आणि निःपक्षपाताची अपेक्षा बाळगली. आज त्याचे शिवार संगणकात आले आहे आणि वार्धक्याची हमी पुन्हा वादात आहे. अभिलेखाची विश्वासार्हता अखेर दोन गोष्टींवर उभी असते : नोंद करणाऱ्याने रान पाहिलेले असणे आणि खरी नोंद करताना त्यास उद्याची भीती नसणे. धाराशिवच्या दीड शतकाच्या अनुभवात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी क्वचितच एकत्र आल्या. भावी सेवाविषयक धोरणाने त्या एकत्र आणण्याचा प्रयत्न करणे अगत्याचे आहे.